बिननावाच्या वेटोळ्यांची ओळख

खारदांड्याच्या कोळीवाड्यालगतच्या गल्ल्यांतून भंगाराची हातगाडी जाते तेव्हा तिच्यावर जुन्या संगणकांचे एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचे पत्र्याचे डबे, हमखास दिसतात. समुद्राची खारी हवा पत्रा लवकर खाते. आतील तांब्याची वेटोळी मात्र बहुधा शाबूत असतात. विज्ञान प्रदर्शन जवळ आले की मुले ती गोळा करतात आणि विचारतात, "सर, हे काय आहे?" बहुतेक वेटोळ्यांवर ना नाव असते, ना आकडा. मी इतिहासाचा शिक्षक. परंतु नाव नसलेल्या वस्तूला बोलते करणे हे इतिहासाचेच काम आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

काही वर्षांपूर्वी अशाच एका वेटोळ्याने मला धडा दिला. मुले 12 व्होल्टच्या बॅटरीवरून 5 व्होल्ट मिळवण्याचे लहानसे सर्किट जुळवत होती. जुन्या बोर्डावरून काढलेली, जाड तारेचे मोजकेच वेढे असलेली एक सुबक कडी मी त्यांना दिली. मीटरवर तिचे मूल्य पुरेसे दिसत होते. बॅटरी जोडताच ट्रान्झिस्टर फुटला आणि त्याचा कपचा एका मुलाच्या गालाला चाटून गेला. डोळा थोडक्यात वाचला. चूक माझी होती. वस्तू कोणती आहे हे न ओळखताच मी ती वापरायला दिली होती.

या वेटोळ्यांना इंडक्टर किंवा बाजारभाषेत चोक म्हणतात. तारेतून वीज वाहू लागली की भोवती चुंबकक्षेत्र निर्माण होते आणि प्रवाहातील बदलाला ते विरोध करते. लोहाराचा मुलगा आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला मायकेल फॅरडे याने 1831 मध्ये लोखंडी कडीवर दोन वेटोळी गुंडाळून विद्युतचुंबकीय प्रवर्तन सिद्ध केले. त्याच सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्री याच विषयावर काम करीत होता. इंडक्टर मोजण्याच्या एककाला त्याचे नाव आहे. आपल्या हातातील कडी ही फॅरडेच्या त्या कडीचीच वंशज होय. मात्र प्रत्येक गाभ्याला मर्यादा असते. प्रवाह फार वाढला की गाभा संपृक्त होतो आणि मग ते वेटोळे साध्या तारेसारखे वागू लागते.

ओळख पटवण्याआधी जिवाची काळजी घ्यावी. घरातील 230 व्होल्टचा पुरवठा एसएमपीएसमध्ये शिरला की मोठ्या कपॅसिटरांवर सुमारे 325 व्होल्टपर्यंत दाब साठतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. म्हणून डबा उघडण्यापूर्वी प्लग काढून बराच वेळ थांबावे. उघडल्यावर कपॅसिटरच्या टोकांना साधा तारेचा बल्ब जोडून तो रिकामा करावा आणि मल्टिमीटरने खात्री करून घ्यावी. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणे हा शहाणपणा नव्हे. हे काम मोठ्या माणसाचे आहे. मुलांच्या हाती तपासलेला बोर्डच द्यावा.

पहिला पुरावा जागेचा. उत्खननात खापर कोणत्या थरात मिळाले याची नोंद न करता ते पिशवीत टाकले, तर त्याची निम्मी कथा नष्ट होते. वेटोळ्याचेही तसेच आहे. डाख वितळवण्यापूर्वी बोर्डाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे आणि वेटोळे कोणत्या भागांना जोडलेले आहे ते लिहून ठेवावे.

वीज जिथे आत येते तिथे कडीवर किंवा चौकटीवर दोन समान, परस्परांपासून अलग वेटोळी दिसतात. हा गोंगाट गाळणारा कॉमन-मोड चोक. याची परीक्षा सोपी आहे. दोन्ही वेटोळी एका मार्गाने मालिकेत जोडली तर एका वेटोळ्याच्या सुमारे चौपट मूल्य येते. एकाची टोके उलटवून जोडली तर ते जवळजवळ शून्यावर येते. हा चोक बॅटरीच्या सर्किटात साठवणीच्या कॉइलच्या जागी वापरू नये. एकाच दिशेच्या प्रवाहाने त्याचा गाभा चटकन संपृक्त होतो.

काही डब्यांच्या पत्र्यालाच पोलादी पट्ट्यांचा एक जड ठोकळा स्क्रूने बसवलेला असतो. अनेकजण त्याला ट्रान्सफॉर्मर समजून दुसरे वेटोळे शोधत बसतात. पण त्यातून दोनच तारा निघत असतील, तर तो पुरवठ्यातील प्रवाहाचा आकार सुधारणारा चोक आहे असे समजावे.

बाहेर जाणाऱ्या तारांच्या बाजूला बहुधा पिवळ्या रंगाची, एका अंगाने पांढरी असलेली मोठी कडी आढळते. तिच्यावर वेगवेगळ्या जाडीच्या तारांची अनेक वेटोळी असतात: 5 व्होल्टसाठी कमी वेढे व जाड तार, 12 व्होल्टसाठी जास्त वेढे. हा लोहचूर्णाचा गाभा आहे. पिवळा-पांढरा किंवा हिरवा-निळा ही मूळ एका उत्पादकाची रंगखूण. पुढे इतरांनीही ती उचलली. म्हणून रंग हा साक्षीदार मानावा, न्यायाधीश नव्हे. शिवाय वर्षानुवर्षे तापलेल्या लोहचूर्णातील बंधक द्रव्य खराब होते आणि तोच गाभा पूर्वीपेक्षा अधिक तापू लागतो. काळवंडलेली कडी टाकून द्यावी.

आता माझी ती फसवी कडी. ती अनेकदा 3.3 व्होल्टच्या शाखेत, मुख्य ट्रान्सफॉर्मर आणि डायोड यांच्यामध्ये असते. आकाराने लहान, गाभा बहुधा प्लॅस्टिकच्या वेष्टणात, वेढे मोजकेच आणि तरी मीटरवरचे मूल्य अपेक्षेपेक्षा बरेच मोठे. हिचे कामच संपृक्त होणे आहे. प्रत्येक स्पंदाला ती क्षणभर अडवते आणि मग एकदम वाट मोकळी करते. त्या विलंबावरूनच 3.3 व्होल्टचे नियंत्रण होते. म्हणजे रूप वेटोळ्याचे, काम फाटकाचे. तिला साठवणीच्या जागी बसवले की काय होते ते आम्ही पाहिले.

कधी रंगीत पट्ट्यांचा, रोधासारखा दिसणारा तुकडाही सापडतो. मल्टिमीटरवर त्याचा रोध पट्ट्यांच्या हिशेबाने न येता अगदी अल्प दिसला, तर तो इंडक्टर असण्याचा संभव मोठा. मग पट्ट्या मायक्रोहेन्रीत वाचाव्यात: तपकिरी, काळा, लाल म्हणजे 1000.

जागा आणि घडण पाहून झाली की शेवटचा पुरावा वर्तनाचा. नुसत्या गाभ्याची जात ठरवण्यासाठी त्यावर 10 वेढे गुंडाळून एलसीआर मीटरवर मोजावे. सुमारे 27 मिलिमीटर व्यासाची पिवळी-पांढरी कडी साधारण 9 मायक्रोहेन्री दाखवते. त्याच आकाराच्या, चोकच्या फेराइट कडीवर हा आकडा शेकड्यांत जाऊ शकतो. वेढे दुप्पट केले तर मूल्य चौपट होते, म्हणून 20 वेढ्यांना 36 यायला हवे. हे मीटर अगदी अल्प प्रवाहावर मोजते, हे मात्र विसरू नये. मला फसवले ते मीटरने नव्हे; त्याने न सांगितलेले मी गृहीत धरले होते. म्हणून नवे सर्किट प्रथम मर्यादित प्रवाहावर, डोळ्यांवर चष्मा चढवून चालवावे आणि कॉइल तापते का ते पाहावे.

आमच्या प्रयोगशाळेत आता प्रत्येक वेटोळ्याला चिठ्ठी असते: कोठून काढले, वेढे किती, मोजमाप किती, संशय कोणता. संशयाचा रकाना मुलेच भरतात आणि तो रिकामा ठेवायला मी परवानगी देत नाही. उरलेले बोर्ड तांब्यासाठी जाळू नयेत. तो धूर प्रथम जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जायला हवेत.

माजी विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील बंद पडलेले एसएमपीएस शाळेकडे जरूर पाठवावेत. फक्त डबा न उघडता पाठवावा. वेटोळे आपल्या जागी असले म्हणजे मुलांना ते वाचता येते.