राखणीच्या कुत्र्याचा आहार

पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ, बेला या भागांत रब्बी ज्वारी दाण्यावर आली की रानडुकरांच्या भीतीने शेतकरी रात्री माळ्यावर जागतो. खाली त्याचे कुत्रे जागते. या कुत्र्याच्या वाट्याला मात्र घरातील उरलेसुरले, तेही उरले तरच येते. उपाशी कुत्रे अधिक सावध असते हा समज चुकीचा आहे. उपाशी कुत्रे राखण सोडून उकिरड्याकडे जाते किंवा सशामागे रानात शिरते आणि तेथे बिबट्याच्या तावडीत सापडते.

सुमारे 15 किलो वजनाच्या, बेताचे काम करणाऱ्या कुत्र्यास दिवसाला 800 ते 900 कॅलरी लागतात. दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकरी, 50 ग्रॅम तुरीची डाळ शिजवून, एक उकडलेले अंडे व चमचाभर तेल एवढ्यात ही गरज बहुतांशी भागते. नुसत्या भाकरीवर पोट भरते, परंतु अंग धरत नाही. अशा आहारात चुना कमी पडतो. त्यासाठी अंड्याचे कवच उकळून, वाळवून, बारीक कुटून अर्धा चहाचा चमचा रोज द्यावे. हे अन्न दोन वेळांत विभागावे. पिलांना मात्र चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा थोडेथोडे घालावे. कांदा व लसूण घातलेले कालवण देऊ नये, त्याने रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. शिजलेली हाडे फुटून आतड्यात रुततात, म्हणून तीही टाळावीत.

खाटकाकडील कच्चे काळीज व फुप्फुसे कुत्र्यापुढे टाकण्याची सवय सर्वांत घातक होय. शेळ्यामेंढ्यांच्या या अवयवांत कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्या खाल्ल्याने कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे गवतावर, पाण्यात आणि कुत्र्याशी खेळणाऱ्या मुलांच्या हातांवर येतात. ती पोटात गेली की माणसाच्याही यकृतात किंवा फुप्फुसात तशाच गाठी वाढतात व कित्येक वर्षे लक्षातही येत नाहीत. असे अवयव किमान अर्धा तास उकळूनच द्यावेत. गाठी दिसल्यास ते जाळावेत किंवा खोल पुरावेत. शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

कुत्र्याचे वजन योग्य आहे की नाही हे हातानेच कळते. बरगड्या दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात. वरून पाहता कंबर बारीक दिसावी. गावातील कापसाच्या काट्यावर कुत्र्यास घेऊन उभे राहावे व नंतर आपले वजन वजा करावे. काटा त्यासाठीही उपयोगी पडतो! पिलाचे पोट सुटलेले व बरगड्या उघड्या असतील तर ते बाळसे नव्हे, बहुधा जंत होत. अशा पिलास अधिक अन्न घालून उपयोग नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यातून जंताचे औषध आणावे. तीन महिन्यांचे झाल्यावर त्यास पिसाळीची लसही टोचून घ्यावी.

बाजाराच्या गावी हॉटेलच्या दाराशी राहणारे कुत्रे भजी व बिस्किटे खाऊन लठ्ठ होते. त्याचे सांधे लवकर दुखू लागतात. त्याचे अन्न एकदम तोडू नये, आठवड्यागणिक थोडे कमी करावे.

डिसेंबर-जानेवारीत रात्रभर शेतात राहणाऱ्या कुत्र्यास एखादी भाकरी जास्त घालावी. मे महिन्यात ते आपणहून कमी खाते. तेव्हा अन्न संध्याकाळी ऊन उतरल्यावर द्यावे आणि पाण्याची थाळी दिवसभर सावलीत भरलेली ठेवावी.