पोपटाचे पिल्लू आणि जीवघेणी माया

जानेवारी ते एप्रिल हा आपल्याकडील पोपटांच्या विणीचा हंगाम. याच दिवसांत जुनी झाडे तोडली जातात, फांद्या छाटल्या जातात आणि ढोलीतली पिल्ले जमिनीवर येतात. एखादा कनवाळू माणूस पिल्लू घरी नेतो, चोचीत पाण्याचे थेंब सोडतो, दुधात भिजवलेला पाव भरवतो. दुसऱ्या दिवशी ते दगावते. उपासमारीने गेले, असे घरचे समजतात; पण अनेकदा घात केलेला असतो तो भरवण्यानेच.

पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असते. वरून ओतलेले पाणी त्यात शिरून थेट फुप्फुसात जाऊ शकते. अन्ननलिका मानेच्या उजव्या बाजूने उतरते. म्हणून जाणकार मंडळी सिरिंज पक्ष्याच्या चोचीच्या डाव्या कडेने आत घेऊन तिचा रोख उजवीकडे ठेवतात. तेही पिल्लू मान हलवून अन्न मागत असेल तरच. मान हलवणे थांबले की सिरिंज बाहेर काढायची. दूध तर नकोच. त्यातील साखर पक्ष्यांना पचत नाही.

त्याहून महत्त्वाची ऊब. थंड पडलेल्या पिल्लाच्या गळ्याखालच्या पिशवीतले अन्न पुढे सरकत नाही, तेथेच आंबते. त्यामुळे आधी शेक, मग घास. पिल्लांसाठी मिळणारी तयार पूड गरम पाण्यात कालवून ती ३८ ते ४१ अंश सेल्सिअसला भरवतात. त्याहून फार गरम अन्नाने पिशवी आतून भाजते आणि ही इजा काही दिवसांनी उघड होते. मायक्रोवेव्हमध्ये अन्न कुठे थंड, कुठे कढत राहते. बोटाला कोमट लागले की झाले, हा स्वयंपाकघरातील हिशेबही येथे चालत नाही, तापमापकच हवा. एका वेळचे प्रमाण वजनाच्या साधारण दहा टक्के, म्हणजे ५० ग्रॅमच्या पिल्लाला ५ मिलिलिटर. रात्रभरानंतरही पिशवी भरलेलीच दिसली तर पुन्हा न भरवता पशुवैद्यक गाठावा.

देशी पोपटांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. हेतू कितीही चांगला असला तरी त्यांना घरी पाळणे हा गुन्हा ठरतो. पिल्लू धडधाकट आणि ढोली शाबूत असेल तर ते परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. अन्यथा भोके पाडलेल्या खोक्यात, कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ते ठेवून वन विभागाच्या १९२६ या मदतवाहिनीवर कळवावे.

घरी हाताने भरवण्याचा प्रश्न खरा उरतो तो लव्हबर्ड, कॉकाटील अशा परदेशी पक्ष्यांपुरता. ‘लहानपणीच न्या, माणसाळेल’ असे सांगून काही विक्रेते स्वतः खाऊ न शकणारी पिल्ले गळ्यात मारतात. स्वतः दाणे टिपणारा पक्षीही संयमाने माणसाळतो. नवख्याने तोच घ्यावा.