कोकराचे वजन आणि शहरातील मटणाचा भाव

मेंढ्या राखणारा शेतकरी उन्हापावसात कळपामागे हिंडतो, आणि अखेर कोकरे विकतो ती बहुधा नगावर. लोणंद, आटपाडी, चाकण अशा बाजारांत व्यापारी कोकराच्या पाठीवरून व कमरेवरून हात फिरवितो, आणि रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरवितो. तेच कोकरू पुण्यामुंबईच्या दुकानी पोहोचले म्हणजे पाव पाव किलोने तोलून विकले जाते. एकाच मालाची विक्री एका टोकास अंदाजाने व दुसऱ्या टोकास काट्याने व्हावी, यात नुकसान कोणाचे हे सांगावयास नको. दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीस आता फारशी किंमत उरलेली नाही. कळपाचे उत्पन्न आता मुख्यतः मांसावरच आहे. म्हणून दुकानातील हिशेब शेतकरी बंधूंनी समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

मांसाचा उतारा.—जिवंत जनावराच्या वजनापैकी मुंडी, पाये, कातडे, रक्त व आतडी वजा जाता जे धड उरते, त्यास उतारा म्हणतात. आपल्याकडील मेंढ्यांत तो शेकडा 40 ते 50 पडतो. कोकरू चांगले पोसलेले असेल तर अधिक, रोडावलेले असेल तर कमी. 25 किलो वजनाचे कोकरू घेतले व उतारा 45 धरला, तर धड सव्वाअकरा किलोचे होते. टांगून ठेवण्यात व तोडण्यात थोडी तूट येऊन सुमारे 11 किलो मटण गिऱ्हाइकास विकता येते.

आता दुकानातील एक किलो मटणाचा भाव 100 रुपये आहे असे हिशेबाच्या सोयीकरिता मानू. अकरा किलोंचे 1100 रुपये झाले. हे 25 किलोंवर वाटले असता जिवंत वजनाच्या दर किलोस 44 रुपये येतात. शेतकऱ्यास किलोमागे 30 रुपये पडले, तर एका कोकरामागे 350 रुपये मधल्या हातांत राहिले. यातून वाहतूक, बाजाराची फी, कत्तलखान्याची फी, दुकानाचे भाडे, बर्फ व दुकानदाराचा नफा निघावयाचा असतो. तेव्हा ही सर्व रक्कम लुबाडणूक होय, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. परंतु मुंडी, पाये, कलेजी, वजडी व कातडे यांचे पैसे या हिशेबात धरलेलेच नाहीत, हेही विसरू नये. दुकानातील भाव कितीही असो, त्याचे शेकडा 44 काढून पाहावे व आपणास मिळालेला भाव त्याशी ताडावा. अंतर किती, हे कळले म्हणजे सौद्याच्या वेळी तोंड उघडण्यास आधार मिळतो.

दुकानदारास काय हवे ?—त्यास कोवळे, सारख्या वजनाचे व दर आठवड्यास नेमाने मिळणारे जनावर हवे असते. मेंढीच्या मांसास हैदराबादकडे चांगली मागणी आहे. पुण्यामुंबईचे गिऱ्हाईक मात्र बोकडाचे मटण मागते, कारण वयस्क मेंढ्याच्या चरबीस उग्र वास येतो. दुधाचे दात असलेल्या कोकराच्या मांसास तो वास फारच कमी असतो. यास्तव कोकरू दोन दाती होण्यापूर्वीच विकावे. परंतु तीन महिन्यांचे, बारा-चौदा किलोंचे पिलू विकणे हेही तोट्याचे आहे, कारण त्यावर हाडच अधिक. दूध तुटल्यावर तीन महिने बांधून तुरीचे भुसकट, लसूणघास व रोज पाव किलो भरडा दिला असता दररोज 100 ते 150 ग्रॅम वजन वाढते, आणि सहा महिन्यांचे कोकरू 25 किलोंच्या आसपास जाते. चाऱ्याचा खर्च मांडून पाहावा आणि मगच किती कोकरे बांधावयाची ते ठरवावे.

वाटेतील नुकसान.—मेंढरू लोकर धरून उचलू नये. तसे केल्याने कातड्याखाली रक्त साकळते व तेथील मांस दुकानदार कापून टाकतो. यकृतात चपटे जंत झाले असल्यास तपासणीत कलेजी बाद होते, म्हणून जंताचे औषध वेळेवर पाजावे. मात्र औषधाच्या वेष्टनावर सांगितलेले दिवस उलटल्यावाचून जनावर विकू नये. विक्रीच्या सकाळी मीठ चारून पाणी पाजणारे वजन वाढविल्याचे समाधान मानतात, पण व्यापारी ते ओळखून तेवढा भाव आधीच कापतो.

हंगाम.—आषाढात मटणास जोराची मागणी असते व श्रावण लागताच ती बसते. मेंढी सुमारे पाच महिने गाभण राहते. जून-जुलैत फळलेल्या मेंढ्यांची कोकरे नोव्हेंबर-डिसेंबरात येतात व पुढील आषाढात सात-आठ महिन्यांची होतात. हा मेळ ज्याने साधला, त्यास श्रावणाच्या तोंडावर पडेल भावाने माल काढावा लागत नाही.

कायदा व सहकार.—2001 सालच्या कत्तलखानाविषयक नियमांप्रमाणे गाभण मेंढी व तीन महिन्यांच्या आतील पिलू कापता येत नाही. कापण्यापूर्वी पशुवैद्याची तपासणी व 24 तासांची विश्रांती सांगितली आहे. मांसविक्रीस 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी वा परवाना लागतो. मुंबईस हे काम महानगरपालिकेच्या देवनार येथील कत्तलखान्यात होते. तेव्हा एकट्या शेतकऱ्याने शहरात दुकान थाटणे सोपे नाही. पण दहा-पंधरा कळपवाल्यांनी मिळून एक वजनकाटा घेणे, कोकरे वजनावारी वेगळी करणे, आणि एकाच परवानाधारक दुकानदाराशी दर आठवड्यास ठराविक नग जिवंत वजनाने देण्याचा करार करणे, यास मोठे भांडवल लागत नाही. एकट्या विक्रेत्यास सायंकाळी कोकरे परत नेण्याची धास्ती असते आणि तिच्यापायीच तो उतरत्या भावास मान्यता देतो. दहाजण एकत्र असले म्हणजे ती धास्ती उरत नाही.

आमची सूचना इतकीच की, येत्या बाजारास निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या कोकरांचे वजन करून ते वहीत लिहावे. आपला माल किती आहे हे ज्यास ठाऊक नाही, त्यास त्याची किंमत दुसऱ्याच्याच तोंडून ऐकावी लागते.