तार जाड हवी की महाग?

घरात नवा ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी येणार म्हटले, की कुटुंबातील लहानथोर सर्वांचीच मते विचारात घेतली जातात. या दोहोंना जोडणाऱ्या तारेचा प्रश्न मात्र दुकानात पैसे मोजताना अचानक पुढे उभा राहतो. विक्रेता आकर्षक वेष्टनातील महागडी तार दाखवितो आणि तिच्यावाचून संगीताचा खरा गोडवा उमटणार नाही, असे सांगतो. दुसरीकडे खोक्यातून फुकट आलेली सुतळीसारखी बारीक तार हातात असते. अशा वेळी गृहस्थाने काय करावे? याचे उत्तर शाळेतील पदार्थविज्ञानात सापडते.

जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ साली विद्युत्‌प्रवाह, दाब आणि रोध यांचे नाते मांडले. तार जितकी लांब तितका तिचा रोध अधिक. जितकी जाड तितका कमी. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या व १ मीटर लांबीच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. प्रवाहाला स्पीकरपर्यंत जावे लागते आणि परतही यावे लागते. म्हणून अंतराची दुप्पट लांबी हिशेबात धरावी. स्पीकर १० मीटर दूर असेल, तर ०.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ०.६९ ओहम रोध होतो, २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत तो ०.१४ ओहमवर येतो.

हा फरक कानाला का जाणवावा? स्पीकरवर ८ ओहम असे लिहिलेले असले, तरी तो आकडा सर्व स्वरांना सारखा लागू नसतो. काही स्वरांना स्पीकर कमी अडथळा करतो, काहींना अधिक. बारीक तारेमुळे कमी अडथळ्याच्या स्वरांची हानी जास्त होते आणि स्वरांचा मूळ तोल बिघडतो. म्हणून तारेचा एकूण रोध स्पीकरच्या ओहमच्या विसाव्या हिश्श्यापेक्षा अधिक नसावा, असा साधा नियम ध्यानात ठेवावा. त्या हिशेबाने ८ ओहमच्या स्पीकरसाठी ५ मीटरपर्यंत १ चौरस मिलिमीटरची आणि १० मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तार पुरेशी आहे. स्पीकर ४ ओहमचा असल्यास १० मीटरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तार घ्यावी.

अशी लवचीक, अनेक पदरी तांब्याची तार विजेच्या सामानाच्या कोणत्याही चांगल्या दुकानात मिळते. चांदी तांब्याहून अधिक सुवाहक आहे हे खरे. पण तो लाभ शेकडा सहा-सातच्या आसपास आहे आणि तांब्याची तार किंचित जाड घेतली की तोही भरून निघतो. सावध राहावे ते वेगळ्याच गोष्टीबाबत. काही तारा आतून ॲल्युमिनियमच्या असून त्यांवर तांब्याचा पातळ थर असतो. तारेचे टोक चाकूने खरवडून पाहावे. आत पांढरा धातू दिसला, तर तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट आहे असे समजून तितकी जाड तार निवडावी.

दोन्ही स्पीकरच्या तारा अगदी समान लांबीच्या असाव्यात, असाही आग्रह धरला जातो. वस्तुतः विजेचा संकेत तारेतून मीटरभर अंतर काही अब्जांश सेकंदात ओलांडतो, तर ध्वनीला हवेतून तेवढेच अंतर कापण्यास सुमारे ३ सहस्रांश सेकंद लागतात. आपण खुर्ची चार बोटे सरकविली, तरी त्याचा परिणाम तारेच्या या फरकाहून हजारो पटींनी मोठा असतो.

निवडीइतकेच महत्त्व जोडणीला आहे. प्रथम ॲम्प्लिफायर बंद करून त्याची वीज तोडावी. तारेच्या टोकावरील वेष्टन सुमारे अर्धा इंच काढावे व आतील पदर तुटू देऊ नयेत. ते पिळून घट्ट एकत्र करावेत. एकही पदर सुटून शेजारच्या टोकास लागला, तर प्रवाह स्पीकरला टाळून आखूड मार्गाने वाहतो आणि ॲम्प्लिफायर जळण्याचा धोका असतो. पेचाखाली दाबावयाच्या टोकाला डाख देऊ नये. डाखाचा मऊ धातू दाबाखाली हळूहळू सरकतो आणि काही महिन्यांनी सांधा सैल होतो. त्यापेक्षा पदरांवर धातूची छोटी नळी बसवून ती चिमट्याने दाबावी किंवा ४ मिलिमीटरचे बनाना प्लग वापरावेत. मुंबई, गोवा, कोची, चेन्नई यांसारख्या समुद्रकाठच्या दमट हवेत उघडे तांबे लवकर काळवंडते. तेथे वर्षाकाठी टोके पाहावीत आणि गरज पडल्यास कापून नव्याने सोलावीत.

तांबड्या खुणेची जोडणी तांबड्याशी आणि काळ्याची काळ्याशीच करावी. एका स्पीकरची टोके उलट झाल्यास एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि तबल्यातील डग्ग्याचा भरदारपणा हरवतो. शंका आल्यास स्पीकरची तार ॲम्प्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल तिच्या टोकांना क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक तांबड्या खुणेच्या तारेला लागले असता मोठा पडदा बाहेर सरकला, तर जोडणी योग्य आहे.

तार दाराच्या फटीत किंवा सतरंजीखाली दाबली जाऊ नये. भिंतीच्या कडेने न्यावी, म्हणजे घरातील मुले व वृद्ध तिला अडखळणार नाहीत. एवढे झाले की तारेचे काम संपले. तिच्यावर वाचलेले पैसे चांगल्या स्पीकरसाठी किंवा आवडत्या गायकाच्या ध्वनिमुद्रिकांसाठी खर्च करावेत. त्यांचा लाभ घरातील प्रत्येकाच्या कानाला होईल.