विश्लेषण : काचबिंदू ओळखण्यासाठी डोळ्याचा ‘थ्रीडी’ फोटो, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल का पुरत नाहीत?

काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणूनच नुकसान लवकर ओळखणे महत्त्वाचे. त्यासाठी डोळ्याच्या आतला एक छोटा खळगा वाढतोय का, हे बघितले जाते. साध्या फोटोत त्याची खोली नीट कळत नाही. स्टिरिओ फोटोत कळते. मात्र सगळे कॅमेरे ती सारखी दाखवत नाहीत.

फोटो कशाचा?
दृष्टिपटलावरचे दहा लाखांच्या आसपास चेतातंतू एकत्र येऊन मेंदूकडे निघतात, ती जागा म्हणजे ऑप्टिक डिस्क. व्यास जेमतेम दीड ते दोन मिलिमीटर. तिच्या मधल्या खळग्याला ‘कप’ म्हणतात. काचबिंदूत तंतू मरतात, डिस्कची कड झिजते आणि कप मोठा होतो.

एकामागून एक दोन फोटो
आपल्या दोन डोळ्यांना वस्तू किंचित वेगवेगळ्या कोनांतून दिसते, त्यातून मेंदूला खोली कळते. स्टिरिओ फोटोचे तत्त्व हेच. नेहमीच्या फंडस कॅमेऱ्याने एक फोटो घेतात, कॅमेरा काही मिलिमीटर बाजूला सरकवून दुसरा घेतात. वेगळे यंत्र लागत नाही. पण कॅमेरा जास्त सरकला तर तोच कप जास्त खोल भासतो. मधल्या क्षणात रुग्णाचा डोळा हलला, तरीही जोडी बिघडते.

एकाच फ्लॅशमध्ये दोन फोटो
निडेकचा ३-डीएक्स किंवा कोवाचा नॉनमिड डब्ल्यूएक्स यांसारखे कॅमेरे दोन्ही कोनांतले फोटो एकदम टिपतात. दोन कोनांतले अंतर ठरलेले असल्याने यंदाचा आणि पाच वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवून तुलना करता येते. त्यासाठी खास यंत्र मात्र घ्यावे लागते.

ओसीटी असताना फोटो कशाला?
ओसीटी तंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजते. पण डिस्कच्या कडेवरचा बारीक रक्तस्राव, जो आजार वाढण्याची खूण असू शकतो, तो फोटोत दिसतो. अमेरिकेतील ‘ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडी’त १,६३६ जणांच्या बाबतीत काचबिंदू झाला का, हे ठरवताना स्टिरिओ फोटोंचाही आधार घेतला गेला.

रुग्णाने काय करावे?
डोळ्याचा दाब नॉर्मल असूनही काचबिंदू होऊ शकतो. चाळिशी उलटली असेल किंवा घरात कुणाला काचबिंदू असेल, तर डिस्कची तपासणी करून घ्या. फोटो काढला असेल तर त्याची प्रत जपून ठेवा आणि शक्यतो पुढचा फोटोही त्याच पद्धतीने काढून घ्या.