नाव टाळता टाळता पडलेले नाव

ज्याचे भय वाटते त्याचे नाव तोंडावर आणू नये, हा संकेत फार जुना आहे. खेड्यातील माणूस रात्री सापाला ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतो; बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ असेच म्हटले जाते. स्लाव भाषांतील अस्वलाचे नाव याच संकेतातून जन्मले असावे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

संस्कृत ‘ऋक्ष’, ग्रीक ‘आर्क्तोस’ आणि लॅटिन ‘उर्सुस’ ही अस्वलाची नावे एकाच मूळ शब्दाची रूपे आहेत. हिंदी ‘रीछ’ हा ‘ऋक्षा’चाच वंशज होय. स्लाव, बाल्टिक आणि जर्मानिक भाषांत मात्र अस्वलासाठी हा शब्द उरला नाही. उत्तरेकडील लोकांनी भयापोटी तो टाकला असावा, असे अनुमान फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९०६ साली मांडले. इंग्रजी ‘बेअर’ व जर्मन ‘बेर’ यांचा मूळ अर्थ बहुधा ‘तपकिरी’ असा आहे.

स्लावांनी त्या प्राण्याची आवड हेरली. रशियन ‘मेद्वेद’ म्हणजे मध खाणारा. पुढे हा अर्थ विसरला गेला आणि ‘वेद’ म्हणजे ‘जाणणे’ असे समजून ‘मध जाणणारा’ ही व्युत्पत्ती लोकांत रूढ झाली. ती दिसायला आकर्षक असली, तरी खरी नव्हे. शब्दातील ‘व’ हा जाणण्याचा नसून मधाचा आहे. ‘मधु’ आणि खाणे या अर्थाचा ‘अद्’ धातू यांचा संधी ‘मध्वद्’ असा होतो, हे संस्कृतच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. ‘मध्वद्’ हा शब्द ऋग्वेदातही येतो. तेथे तो पक्ष्यांचे विशेषण आहे. स्लाव शब्दातही उकाराचा ‘व’ याच रीतीने झाला.

अर्थ विसरल्यावर शब्दाचे रूपही सैल झाले. युक्रेनियनमध्ये अक्षरांची अदलाबदल होऊन ‘वेदमिद’ झाले. पोलिशमध्ये आरंभीच्या ‘म’चा ‘न’ झाला. शेजारच्या हंगेरियन भाषेचे कुळ निराळे. तिने ‘मेद्वे’ हा शब्द स्लावांकडूनच उचलला.

भय मात्र सरले नाही. ‘मेद्वेद’ हेच खरे नाव ठरताच रशियन लोक तेही टाळू लागले आणि अस्वलाला ‘धनी’, ‘वाकड्या पायांचा’ असे संबोधू लागले. आडनावाने ओळख पटू लागली की ते आडनाव राहत नाही. भयाला पुन्हा नवा शब्द शोधावा लागतो.