वर्ध्यात तंबू ठोकायचा तर

पवना धरणाच्या काठावरचे रंगीत तंबू मोबाइलवर पाहून वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडच्या पोरांनाही हल्ली कॅम्पिंगची हौस सुटली आहे. तंबू ऑनलाइन मागवला जातो, तो लावायचा कुठे हा प्रश्न नंतर पडतो आणि उत्तर हमखास येतं, ‘बोरला!’

बोर १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर, प्रकल्प झाला तेव्हा देशातल्या व्याघ्र प्रकल्पांत सगळ्यांत लहान. पण जंगल लहान म्हणून कायदा सैल होत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय अभयारण्यात शिरणं हाच गुन्हा, आत विस्तव पेटवणं हा आणखी वेगळा. ज्यांना जंगलाजवळच रात्र काढायची आहे त्यांनी अधिकृत निवासात खोली घ्यावी आणि सकाळी सफारीला जावं. तंबूचा विचार तिथे करूच नये.

मग दुसरी समजूत पुढे येते: ‘गावाबाहेरचं झुडपी जंगल तर कोणाचंच नाही, तिथे कोण अडवतंय?’ पूर्व विदर्भात महसुली कागदोपत्री ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेली हजारो हेक्टर जमीन आहे. वर्धा जिल्हाही त्यात येतो. दिसायला ते ओसाड माळरान असतं. पण मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीनच मानायच्या, असा निकाल दिला. शिवाय वाघ-बिबट्या प्रकल्पाच्या हद्दीत मावत नाहीत. बाजूच्या तालुक्यांच्या शिवारातही ते फिरतात. म्हणून जागा ठरवण्याआधी नाकेदाराला विचारावं किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर चौकशी करावी. अलीकडे तिथे वाघ-बिबट्याची हालचाल असेल तर बेत सरळ पुढे ढकलावा.

राहिलं काय? आपलं किंवा ओळखीच्या माणसाचं वावर. नवशिक्यासाठी माझ्या मते याहून चांगली जागा नाही. मालकाची परवानगी, हाकेच्या अंतरावर माणूस, जवळ गाडीरस्ता. आणि शिकवायला तिथे जागलीवर जाणारा कोणी ना कोणी असतोच. हरभऱ्यात रोही आणि रानडुकरं घुसू नयेत म्हणून वर्षानुवर्षं उघड्यावर रात्री काढलेल्या या माणसाला सामानाच्या कुठल्याही यादीपेक्षा जास्त कळतं. डुकरं कोणत्या धुऱ्याने येतात, दव कुठे जास्त पडतं, पाणी कुठे साचतं, हे सगळं त्याला विचारून घ्यावं. एक प्रश्न तर विसरूच नये: आजूबाजूच्या कुंपणात करंट सोडतात का? सौर झटका मशीन थांबून-थांबून झटका देतं आणि जनावराला पळवून लावतं. पण काही जण थेट लाइनवरून तारेत वीज सोडतात. ते बेकायदा आहे, त्याने वाघ मेलेत आणि माणसंही. म्हणून अंधारात शेजारच्या वावरात शिरायचं नाही, लघवीलाही नाही.

काळ्या मातीत तंबू लावू नये असंही नाही, पण ती दिसते तितकी साधी नसते. कोरडी असते तेव्हा भेगाळते, खुंटी त्या भेगेत सैल बसते. अवकाळी पावसाची एक सर आली की तीच माती चपलेला थरावर थर चिकटते. शेतात बरडाचा, मुरमाड उंचवटा असेल तर तो धरावा. खुंटी सरळ उभी न ठोकता तिचं डोकं तंबूपासून बाहेर कलेल अशी तिरपी ठोकावी. खाली ताडपत्री अंथरली तर ती तंबूच्या कडेबाहेर बोटभरही डोकावू देऊ नये. बाहेर आलेल्या कडेवर पडलेलं पाणी सरळ तंबूखाली जातं. आणि ‘दोन माणसांचा’ तंबू म्हणजे खांद्याला खांदा लावून झोपणारी दोन माणसं, पिशव्या बाहेर.

‘आपल्याकडे कसली थंडी?’ हे ज्या तोंडाने मे महिन्यात म्हणतात त्याच तोंडाचे दात डिसेंबरात वाजतात. वर्ध्यात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीपार जातो म्हणून कॅम्पिंगचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नेमक्या याच दिवसांत रात्रीचं तापमान दहाच्या खाली उतरू शकतं, नदीकाठच्या खोलगट जागेत आणखी खाली. नवशिका दोन-दोन ब्लँकेटं अंगावर घेतो आणि तरी कुडकुडतो, कारण थंडी जमिनीतून येते. अंगाखालचं पांघरूण वजनाने दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि ऊब संपते. दोन ब्लँकेटं असतील तर एक खाली घाला, त्याखाली फोमची चटई. झोपताना घामेजलेला सुती सदरा बदला. खादीच्या जिल्ह्यात हे बोलणं धाडसाचं आहे, पण ओल्या सुतासारखं थंड काही नाही. लोकर दमट झाली तरी बरीच ऊब धरते, म्हणून आजोबांची घोंगडी अजूनही नंबर एक.

सकाळी तंबू आतून ओला दिसला की विकणाऱ्याला शिव्या पडतात. बहुतेक वेळा तो गळत नसतो. श्वासातली वाफ थंड कापडावर जमते, आणि गार वारा नको म्हणून जाळीच्या खिडक्या बंद केल्या की आणखी जमते. त्या थोड्या उघड्याच ठेवाव्यात. त्याहून वाईट सवय म्हणजे शेगडी आत घेणं. धुमसत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोळ्यांत झोंबत नाही. झोपलेला माणूस जागाच होत नाही.

शेकोटीने जनावरं जवळ येत नाहीत, ही समजूतही तितकीशी भरवशाची नाही. गावातल्या दिव्यांची आणि चुलींची सवय झालेला बिबट्या निखाऱ्याला भीत नाही. तंबूजवळ उघडं ठेवलेलं अन्न, सोबत नेलेला कुत्रा, ही बोलावणी मोठी. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा तर वनविभागाचा वणव्याचा हंगाम. सागाचा पाचोळा पसरलेला असताना शेकोटीचा हट्ट सोडावा. एरवी पेटवलीच तर झोपण्याआधी पाणी ओतून, ढवळून, पुन्हा ओतून विझवावी. मातीखाली गाडलेला निखारा तासन् तास जिवंत राहतो.

आता साप. तंबूभोवती मीठ, फिनाइल किंवा लसणाचं पाणी शिंपडलं की साप फिरकत नाही, असं खात्रीने सांगणारे पुष्कळ भेटतील. या रिंगणाला कुठलाही आधार नाही. खरा बंदोबस्त तंबूची चेन आहे. मण्यार रात्रीच हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्याला अंथरुणात चावते. दंश मुंगी चावल्याइतकाच जाणवतो, सूज येत नाही, खूण सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही. बंद चेनचा तंबू किंवा गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हा धोका फार कमी करते. चेन ‘जरा वेळासाठी’ उघडी टाकू नये, बूट आत घ्यावेत, बाहेर पडताना बॅटरी आधी आणि पाय नंतर.

दंश झालाच तर चिरू नका, चोखू नका, घट्ट दोरी आवळू नका. हात किंवा पाय हलू न देता १०८ला फोन करा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष असतं आणि ते दवाखान्यातच मिळतं. वर्ध्याचं नशीब असं, की सेवाग्राम आणि सावंगी ही दोन मोठी वैद्यकीय रुग्णालयं याच तालुक्यात आहेत. मांत्रिकाच्या दारात घालवलेला तास तिथे भरून निघत नाही.

नदीच्या पात्रातली वाळू सपाट आणि मऊ असते, म्हणूनच फसवी. धाम काय किंवा वर्धा काय, वर धरणं आहेत आणि पाणी सुटायला आपल्याकडे आभाळ भरून यावं लागत नाही. आणि आभाळ भरून आलंच, गडगडाट ऐकू आला तर तंबूही उपयोगाचा नाही आणि मोहाचं झाडही नाही. पक्कं घर किंवा बंद गाडी गाठावी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं, वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप आधीच घेऊन ठेवलेलं बरं.

पाणी उकळलं की निर्धोक, हे जंतूंपुरतं खरं आहे. खळखळून मिनिटभर उकळलं की ते मरतात. तुरटीने फक्त गाळ बसतो. पण हा कपाशीचा मुलूख आहे. फवारणीचं औषध नाल्यात, उघड्या विहिरीत उतरलं असेल तर ते उकळूनही जात नाही. माणशी चार-पाच लिटर पाणी घरूनच न्यावं आणि औषधाचा रिकामा डबा कशालाही वापरू नये.

संत्र्याची सालं ‘मातीतच जिरतील’ म्हणून फेकली जातात. ती जिरायला महिने लागतात, डुकरांना मात्र त्याच रात्री वास लागतो. शौचासाठी विहीर-नाल्यापासून शंभरेक पावलं दूर, वीतभर खोल खड्डा खुरप्याने खणावा आणि बुजवावा. वापरलेला कागद तिथे जाळू नये, पिशवीत घालून परत न्यावा. वाळल्या गवताला पेट घ्यायला तेवढं निमित्त पुरतं.